ऑपरेशन मेंदूचं, परीक्षा फुप्फुसांची

मेंदूचं ऑपरेशन म्हटलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष डोक्याकडे असतं. गाठ पूर्ण निघाली का, आत रक्त तर साचलं नाही ना, हातपाय हलतात का, माणूस ओळखतो का. छातीबद्दल कोणी काही विचारत नाही. पण आयसीयूच्या बाहेरच्या खुर्च्यांवर ज्यांनी आठ-दहा दिवस काढले आहेत, त्यांना विचारा. डोक्याचा प्रश्न पहिल्या दोन दिवसांत सुटतो आणि नंतरची सगळी लढाई श्वासाची असते, असं त्यांच्यातले बरेच जण सांगतील.

आमच्या घरी हे गेल्या वर्षी घडलं. माझे मोठे काका, वय ६९, राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त. राहायला जवाहर चौकात. १९५६ साली नवीन मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली, तेव्हा नागपूरहून जी मराठी कुटुंबं सरकारी नोकरीबरोबर तात्या टोपे नगरच्या क्वार्टरांमध्ये आली, त्यांतलं आमचं एक. काकांना एका कानाने ऐकू येणं कमी होत गेलं, मग चालताना तोल जायला लागला. एमआरआयमध्ये लहान मेंदूच्या बाजूला, मेंदूच्या देठाला चिकटून गाठ दिसली. कॅन्सरची नव्हती, पण जागा अडचणीची होती.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पुढे लिहिलं आहे ते त्या पाच आठवड्यांत डॉक्टरांनी, सिस्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टनी समजावलेलं आणि मी नंतर वाचून पडताळलेलं आहे. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत आईवडील, काका-काकू साठी-सत्तरीत आहेत आणि आयसीयूच्या दारात कागदावर सही करायला आपल्याच पिढीला पुढे व्हावं लागतं. त्या वेळी डॉक्टर काय म्हणताहेत एवढं तरी समजावं, म्हणून हा लेख.

नळी कशासाठी असते

मोठ्या ऑपरेशनमध्ये भूल देताना शरीराचे सगळे स्नायू सैल करणारं औषध देतात. त्यात श्वासाचे स्नायूही आले. म्हणून तोंडातून, स्वरयंत्राच्या दोन पडद्यांमधून श्वासनलिकेत एक नळी घालतात. मोठ्या माणसाची ही नळी आतून साधारण ७ ते ८ मिलिमीटर रुंद असते. तिच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की नळीभोवतीची फट बंद होते, हवा फुप्फुसांतच जाते आणि तोंडातली लाळ खाली उतरणं बरंचसं थांबतं. नळी स्वरयंत्रातून गेलेली असल्यामुळे रुग्ण शुद्धीवर असला तरी बोलू शकत नाही. आमच्या काकूंना पहिल्या दिवशी याचीच भीती वाटली. "यांची वाचा गेली का रे?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

पोटाच्या किंवा हाडाच्या ऑपरेशननंतर ही नळी बहुधा टेबलावरच काढतात. मेंदूच्या बऱ्याच ऑपरेशनांनंतरही तसंच करायचा प्रयत्न असतो, कारण रुग्ण जागा झाला, बोलला, हातपाय हलवले की आत सगळं ठीक आहे हे लगेच कळतं. पण गाठ मोठी असेल, ऑपरेशन लांबलं असेल किंवा मेंदूच्या देठाजवळ हात गेला असेल, तर डॉक्टर थांबतात. काकांचं ऑपरेशन नऊ तास चाललं होतं.

थांबण्याची कारणं साधी आहेत. श्वास घ्यायचा हुकूम मेंदूच्या देठातून सुटतो. गिळणं, खोकणं, घशाला काही लागलं की उबळ येणं, या सगळ्यांच्या नसाही तिथूनच निघतात. तिथे सूज असेल तर माणूस श्वास घेईल, पण घशात आलेली लाळ बाहेर टाकू शकणार नाही. दुसरं, श्वास उथळ झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि कवटीच्या आतला दाब वाढतो. पायाच्या ऑपरेशननंतर थोडा वेळ श्वास कमी पडला तर निभावून जातं. ताज्या ऑपरेशनच्या मेंदूला ते चालत नाही. आणि तिसरं, नळी काढताना जोराचा ठसका लागला, रक्तदाब उसळला, तर ऑपरेशनच्या जागी रक्तस्राव होऊ शकतो.

मग आठवडाभर नळी ठेवूनच द्यावी, असं आपल्याला वाटतं. तेही बरोबर नाही. सिएटलच्या एका रुग्णालयात मेंदूला इजा झालेल्या १३६ रुग्णांवर केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. श्वासाच्या सगळ्या चाचण्या पास होऊनही केवळ शुद्ध पूर्ण नाही म्हणून ज्यांची नळी काढायचं लांबवलं, त्यांना न्यूमोनिया जास्त झाला आणि आयसीयूत जास्त दिवस राहावं लागलं. म्हणजे घाई केली तरी धोका आणि उशीर केला तरी धोका. डॉक्टर रोज सकाळी राउंडला हाच हिशेब मांडत असतात.

नळी काढायची परीक्षा

आधी रुग्णाला स्वतःच्या बळावर श्वास घ्यायला लावतात. मशीनची मदत अगदी कमी करून अर्धा ते दोन तास पाहतात. त्या वेळी एक साधं गणित करतात: मिनिटाला किती श्वास, भागिले एका श्वासात किती लिटर हवा. माणूस मिनिटाला २४ श्वास घेतोय आणि प्रत्येक वेळी ४०० मिलिलिटर हवा आत जातेय, तर उत्तर येतं ६०. हे चांगलं. तोच ३८ श्वास घेतोय आणि हवा जेमतेम २५० मिलिलिटर, तर उत्तर १५२. म्हणजे धाप लागली आहे, अजून वेळ आहे. १०५ ही सीमारेषा यांग आणि टोबिन या दोन डॉक्टरांनी १९९१ साली मांडली आणि ती अजून वापरात आहे.

पण हे गणित फुप्फुसांच्या ताकदीचं आहे. मेंदूच्या रुग्णात आणखी गोष्टी बघाव्या लागतात. डोळे उघडून तो बघतो का? सांगितलं तसं करतो का? सक्शनची नळी घातल्यावर खोकला जोरात येतो का? लाळ गिळायचा प्रयत्न दिसतो का? कफ किती वेळा काढावा लागतो? फुग्यातली हवा सोडली की नळीच्या बाजूने हवा झिरपल्याचा आवाज येतो का? तो आला नाही तर स्वरयंत्राला सूज असण्याची शक्यता असते.

"सांगितलं तसं करतो का" यावरच काका अडले. सिस्टर सांगत होत्या, "अंकल, हाथ दबाइए," आणि काका नुसते बघत होते. दोन दिवस कागदावर लिहिलं गेलं की सूचना पाळत नाहीत. तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी काकूंनी पर्समधून त्यांचं श्रवणयंत्र काढलं. एक कान गाठीने गेलेला होता आणि दुसऱ्या कानाचं यंत्र ऑपरेशनच्या आधी काढून काकूंच्या हवाली केलेलं होतं. सिस्टरांनी ते कानात बसवलं, चष्मा घातला. काकू वाकून म्हणाल्या, "अहो, माझा हात दाबा बघू." काकांनी दाबला. मग सिस्टरांच्या सांगण्यावरून जीभ बाहेर काढली, दोन बोटं दाखवली. त्याच संध्याकाळी नळी निघाली.

छत्तीस तासांनी

नळी निघाली म्हणजे सुटलो, असं आम्ही धरून चाललो. चुलतभाऊ कॅनडात असतो. त्याला व्हिडिओ कॉल झाला, घरी देवापुढे साखर ठेवली. काका घोगऱ्या आवाजात "पाणी" म्हणाले.

पुढच्या दीड दिवसात श्वासाचा वेग वाढत गेला. खोकला येत होता, पण नुसता आवाज. कफ घशातच घरघरत होता. ऑक्सिजन वाढवूनही पातळी खाली येऊ लागली. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसला. रात्री दोन वाजता फोन आला, नळी परत घालतोय.

हे आमच्याच नशिबी आलं असं नाही. १८ देशांतल्या आयसीयूंमध्ये मेंदूला इजा झालेल्या सुमारे १,५०० रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. नळी काढलेल्यांपैकी जवळजवळ पाचात एकाला ती काही दिवसांत पुन्हा घालावी लागली होती. म्हणून नळी काढल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस खरे डोळ्यांत तेल घालून बघायचे असतात.

फुप्फुसांत नेमकं काय बिघडतं

एक, फुप्फुसाचा भाग मिटून जातो. आपण झोपेतही अधूनमधून मोठा श्वास घेतो, कूस बदलतो. भूल दिलेला, उताणा पडलेला माणूस हे करत नाही. कफाचा बोळा एखाद्या फांदीत अडकला की त्यापुढचा भाग हवा संपून फुग्यासारखा चिमतो. फिजिओथेरपी, कूस बदलणं, तीन चेंडूंच्या यंत्राने मोठा श्वास घेणं, हे सगळं त्यासाठी असतं.

दोन, ठसका न लागता अन्न किंवा लाळ श्वासनलिकेत जाणं. काकांचं हेच झालं होतं. गिळण्याच्या नसा दुखावलेल्या असतील तर पाणी चुकीच्या वाटेने जातं आणि माणसाला खोकलाही येत नाही. उजवी श्वासनलिका डावीपेक्षा रुंद आणि सरळ उतरणारी असल्यामुळे बहुतेक वेळा उजवीकडेच जातं. इथे आपल्या घरांतल्या मायेचा धोका असतो. "दोन घोट पाण्याने काय होतंय," म्हणून आपण चमचा पुढे करतो, कोणी तीर्थ देतं, कोणी पातळ पेज आणतं. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडातून एक थेंबही द्यायचा नाही. आणि अशा रुग्णाला बहुधा पाणीच सगळ्यात अवघड जातं. दह्याइतकं घट्ट असलेलं त्यामानाने सोपं. काकूंना हे पटायला वेळ लागला. पटल्यावर मात्र त्यांनी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दारातच अडवलं.

तीन, व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया. दोन दिवसांहून जास्त काळ नळी राहिली की तोंडातले जंतू फुग्याच्या कडेने खाली उतरू लागतात. त्यावर उपाय दिसायला साधे आहेत: डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, दिवसातून अनेकदा तोंडाची स्वच्छता, हात धुणं, गुंगीची औषधं शक्य तितकी कमी.

चार, पायातली गुठळी. पडून राहिल्याने पोटरीच्या शिरांत रक्त गोठतं आणि तो गोळा सुटून फुप्फुसात अडकू शकतो. एरवी यासाठी रक्त पातळ करणारं इंजेक्शन देतात, पण मेंदूच्या ऑपरेशननंतर लगेच दिलं तर डोक्यात रक्तस्रावाची भीती. म्हणून आधी पायांना हवेने दाबणारे पट्टे बांधतात आणि स्कॅन पाहून मग इंजेक्शनचं ठरवतात.

पाच, क्वचित होणारी पण झपाट्याने वाढणारी गोष्ट म्हणजे मेंदूला जबर धक्का बसल्यावर काही तासांत फुप्फुसांत पाणी भरणं. फुप्फुसं निरोगी असली तरी हे होऊ शकतं.

"गळ्याला भोक?"

नवव्या दिवशी डॉक्टरांनी ट्रॅकिऑस्टॉमीचा कागद पुढे ठेवला. गळ्याला खालच्या बाजूला छोटा छेद देऊन श्वासाची नळी थेट तिथे बसवायची. काकूंनी तो कागद हातात घेतला आणि परत ठेवला. आत्या म्हणाली, "एकदा भोक पाडलं की माणूस कायमचा त्यावरच." चुलतभाऊ फोनवर म्हणत होता, आठवडाभर थांबा, मी येतो. मी आयसीयूच्या डॉक्टरांकडे जाऊन अर्धा तास बसलो.

त्यांनी सांगितलं ते असं. तोंडातली नळी स्वरयंत्राला घासत असते आणि ती सोसण्यासाठी गुंगीचं औषध द्यावं लागतं. गळ्यातल्या नळीला ते जवळजवळ लागत नाही. माणूस जागा राहतो, खुर्चीत बसतो, कफ सहज काढता येतो. मशीन कधीही लावता येतं, कधीही काढता येतं. काकांच्या फुप्फुसांत ताकद होती, कमी होती ती घशाची राखण. ती परत यायला काही आठवडे लागणार होते. आणि गरज संपली की नळी काढतात, छेद बहुधा आपोआप भरून येतो.

या छोट्या छेदाचा इतिहास मी नंतर वाचला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वास आणि गिळणं बंद पडलेले बहुतेक रुग्ण दगावत होते. ऑगस्टमध्ये ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद करवून नळी बसवली, कफ काढला आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. पुरेशी मशीनं नव्हती, म्हणून सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्महिने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या. आजचा आयसीयू त्यातूनच जन्माला आला.

मी घरी येऊन काकूंना एवढंच सांगितलं, की हा छेद म्हणजे हार नाही, घसा बरा होईपर्यंतची सोय आहे. त्या रात्रभर काही बोलल्या नाहीत. सकाळी म्हणाल्या, "ते जागे राहतील ना? मग करा." आणि सही त्यांनी स्वतः केली.

घरी, नळीसकट

ऑपरेशननंतर चौथ्या आठवड्यात काका गळ्यातल्या नळीसह जवाहर चौकातल्या घरी आले. त्याआधी सिस्टरांनी मला आणि काकूंना कफ काढायला शिकवलं: हात धुवायचे, सक्शनची नळी एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त आत ठेवायची नाही, मधे श्वास घेऊ द्यायचा. आतली नळी रोज काढून धुवायची. नाकातून जाणारी हवा ओलसर आणि गाळलेली असते, गळ्यातून जाणारी तशी नसते. म्हणून नळीच्या तोंडाशी फिल्टर लावायचा. आजूबाजूच्या बांधकामांमुळे धूळ फार, तेव्हा रस्त्याकडची खिडकी बंद. वीज गेली तर काय, हा पहिला प्रश्न विचारून आम्ही पायाने चालणारं सक्शनही आणून ठेवलं होतं. ते दोनदा वापरावं लागलं.

दहा दिवसांनी गिळण्याची तपासणी चांगली आली. नळीचं तोंड बंद करून दिवस-रात्र निभावतंय असं दिसल्यावर ती काढली, आणि छेद आठवड्याभरात मिटला. काकांचा आवाज अजून थोडा बसलेला आहे. चहा ते हनुवटी छातीकडे झुकवून, छोट्या घोटांनी पितात. संध्याकाळी काठी घेऊन डिपो चौकापर्यंत जाऊन येतात.

ऑपरेशनच्या आधी सांगायच्या गोष्टी

भोपाळमध्ये भूलतज्ज्ञ एक प्रश्न हमखास विचारतात: "चौरासी में कहाँ थे?" २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या वायूचा मुख्य मारा जुन्या शहराला बसला. त्या रात्री तरुण असलेली माणसं आज साठीच्या आसपास आहेत, म्हणजे नेमकी अशा ऑपरेशनांच्या वयाची. ज्यांनी तो वायू श्वासातून घेतला, त्यांतल्या अनेकांची फुप्फुसं कायमची दुखावली. तेव्हा स्टेशनजवळ होतो, चांदबडला राहत होतो, हे इतक्या वर्षांनीही सांगायला हवं.

तसंच विडी-सिगारेट. ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर निदान महिनाभर आधी बंद केलेली बरी. गुटख्याचंही लपवू नये. त्याने तोंड उघडणं कमी होतं. तीन बोटं उभी मावत नसतील तर नळी घालणं अवघड जातं, आणि रात्री दोन वाजता परत घालायची वेळ आली तर फारच. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दमा, हेही सांगावं.

आणि आयसीयूत रोज डॉक्टरांना विचारावं: आज स्वतःचा श्वास किती वेळ घेतला? खोकल्यात जोर आहे का? कफ किती वेळा काढावा लागतो? एक्स-रे कालपेक्षा कसा आहे? गिळण्याची तपासणी कधी? श्रवणयंत्र, चष्मा, कवळी आमच्याकडे आहे, कधी द्यायची? नळी परत घालावी लागली तर पुढचा बेत काय?

हे प्रश्न एका वहीत लिहून ठेवा आणि उत्तरं तारखेसकट त्याच वहीत उतरवा. घरातल्या दहा जणांनी दहा वेळा विचारण्यापेक्षा एकाने विचारावं आणि बाकीच्यांना वाचून दाखवावं. आमच्या वहीची चोवीस पानं भरली. तिच्यामुळे कॅनडातला मुलगा, पुण्यातली मुलगी आणि जवाहर चौकातली काकू एकाच गोष्टीवर बोलत होते, आणि सही करायची वेळ आली तेव्हा कशावर सही करतोय हे सगळ्यांना माहीत होतं.